जित्ती लाइन, मेली लाइन

१८ जुलै १९५५

वाशीमला येऊन आठवडा झाला. वही नवी आणली होती म्हणून लिहायला बसलो, सांगण्यासारखं काही घडलंय म्हणून नव्हे. नागपूरची नोकरी सोडली तेव्हा साहेबांनी दोनदा विचारलं, बढती तोंडावर आली असताना त्या आडगावी जाऊन काय करणार? मी म्हणालो, तिथे दोन ऑइल इंजिनं आहेत, ती चालवणार. त्यांना वाटलं मी रागावलोय. मी रागावलो नव्हतो. जाहिरात आली, अर्ज केला, बोलावणं आलं, निघालो.

पॉवर हाऊस गावाच्या कडेला आहे. मालक हुकूमचंद शेठ, सरकीचे व्यापारी, बोलायला मऊ. दिवेलागणीला इंजिनं सुरू करायची, गाव झोपलं की बंद करायची. कापसाचा हंगाम लागला की जिनिंगला दिवसाही वीज द्यावी लागते म्हणतात. तोवर दुपारी इथे चिटपाखरू नसतं. माझं नाव मारोतराव आहे हे फक्त शेठजींना ठाऊक, बाकी सगळ्यांचा मी 'इंजिनेरसायेब'.

बायको, रुख्मिणी, फेब्रुवारीत गेली. विषमज्वर. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलं होतं, नंतर मी आणि मोलकरीण. लोक विचारायचे, झोप लागत नसेल ना? मला गाढ झोप लागते. भूकही वेळेवर लागते. त्याची लाज वाटायला हवी खरी, पण तीही वाटत नाही.

शेठजींनी विचारलं, बिऱ्हाड कधी आणता? मी म्हणालो, सध्या ती माहेरी आहे. असं सांगितलं की पुढचं बोलणं वाचतं.

२३ जुलै

माणसं ओळखीची होत आहेत. खांबावर चढणारा धरमसिंग, अनसिंगकडच्या तांड्यावरचा, उंच, हाडापेरानं मजबूत. शिडी लावायचा त्याला कंटाळा, दोरीचा फास पायात घालून सरसर वर जातो. बोर्डावर, म्हणजे आत बटणांच्या फळीपाशी, खेमा असतो. तो बडबड्या आहे. दोघांची दोस्ती अशी की एकाला शिव्या दिल्या तर दुसरा तोंड पाडतो.

धरमसिंगची बायको धुरपताबाई दुपारी भाकर घेऊन येते. आज माझ्यापुढेही एक ठेवली, वर जवसाची चटणी. "बाईसायेब येईपावतर खाऊन घ्या," म्हणाली. "कधी येतेत त्या?"

दिवाळीनंतर, असं मी सांगितलं.

२९ जुलै

आज व्हरांड्यात बसून तेलाचा हिशेब पाहत होतो. फाटकाजवळच्या खांबाखाली धरमसिंग उभा होता. त्यानं तिथूनच ओरडून विचारलं, "खेमा, मेली का?"

आतून खेमा ओरडला, "मेली, मेली. चढ बिनघोर."

मी उठलो आणि इंजिनघराच्या मागे, पाणी थंड करायच्या हौदापाशी जाऊन उभा राहिलो. तिथे बराच वेळ गेला असावा, कारण परत आलो तेव्हा धरमसिंग काम संपवून विडी ओढत होता.

चौकशी केली. तारेत वीज असली की ही मंडळी तिला 'जित्ती' म्हणतात आणि वीज काढली की 'मेली'. पॉवर हाऊस सुरू झाल्यापासून हीच बोली आहे. दिवसातून दहादा अंगणातून आरोळी येते. हे अत्यंत अशास्त्रीय आहे. तार म्हणजे काही म्हैस नव्हे, जगायला आणि मरायला. सुधारलं पाहिजे.

९ ऑगस्ट

शेठजींनी नागपूरचं फर्मान दाखवलं. यापुढे परवाना असल्याशिवाय कुणाला खांबावर चढता येणार नाही, बोर्डावर बसता येणार नाही. जानेवारीत इन्स्पेक्टर येऊन तोंडी परीक्षा घेणार. पास होईल तो राहील.

"आपली माणसं तर अंगठेबहाद्दर," शेठजी म्हणाले. "नापास झाली तर मले अकोल्याहून परवानेवाले आनावे लागतीन. धरमसिंगले मी कोन्या तोंडानं घरी पाठवू? तुमी शिकवता काय, सायेब?"

मी हो म्हणालो. दुपारी मला काम नसतंच.

१६ ऑगस्ट

वर्ग सुरू. जागा: तेलाच्या पिंपांची पडवी. फळा: पेटीचं झाकण, त्यावर काजळी आणि खळ. विद्यार्थी पाच, पैकी तिघे फळ्याकडे पाठ करून बसले कारण तिकडून ऊन येत होतं. मी त्यांना फिरवून बसवलं. वीज म्हणजे काय, असं विचारल्यावर खेमा म्हणाला, "सायेब, ते तुमाले मालूम. आमाले फकस्त तिचा राग मालूम हाय."

सगळे हसले. मीही बहुतेक हसलो.

२४ ऑगस्ट

इंग्रजी पुस्तकावरून मराठी शब्द तयार करतो आहे. विजेचा रस्ता म्हणजे मंडल. तो कुठेही तुटलेला नसेल तर ते बंद मंडल, त्यातून वीज वाहते. तुटलेला असेल तर उघडं मंडल, त्यातून वाहत नाही. तारेचं कडं करून दाखवलं. टोकाला टोक भिडलं, कडं बंद झालं, दिवा लागला. टोकं सोडवली, कडं उघडलं, दिवा गेला.

धरमसिंग फार वेळ त्या कड्याकडे बघत राहिला. "मंग बंद म्हन्जे चालू?"

"बरोबर."

"आन उघडं म्हन्जे काईच नाई."

"अगदी बरोबर."

खेमा म्हणाला, "म्हन्जे दुकान बंद असलं की गिऱ्हाईक आत."

धरमसिंग हसला नाही. तो तोंडातल्या तोंडात घोकत होता. त्याला परवाना हवा आहे. तांड्यावर शेती नाही, हंगामात बाहेरगावी मजुरीला जाणं त्यानं या नोकरीमुळे सोडलं. धुरपताबाईनं सांगितलं की तो शेळ्यांपुढेही पाठ म्हणतो.

१ सप्टेंबर

आजपासून आवारात पुस्तकातलेच शब्द वापरायचे. जित्ती आणि मेली हे शब्द बंद. जो म्हणेल त्यानं सगळ्यांचा चहा करायचा. शेठजी सहज आले होते, ते डोकं खाजवत म्हणाले, "सायेब, आमच्या बाजारात बंद म्हन्जे कुलूप." मी म्हणालो, परीक्षा बाजाराची नाही. त्यांना पटलं, कारण मी इंजिनियर आहे.

खेमानं पहिल्याच दिवशी दोनदा चहा केला.

३ ऑक्टोबर

चहा आता कुणी करत नाही, इतकी सगळ्यांची जीभ वळली आहे. आवारात आरोळ्या येतात त्या अशा: "उघडं का?" "उघडं हाय, चढ!" अंगणात शांत वाटतं. गावात मात्र थट्टा चालू झाली. आज न्हाव्यानं मला लांबूनच हाक मारली, "या सायेब, दुकान बंद हाय, बसा." मी बसलो.

वर्गाची वेळ झाली की मी आधीच पडवीत जाऊन बसतो असं लक्षात आलं. धरमसिंग फ्यूज, अर्थिंग, रबरी हातमोजे, सगळं धडाधड सांगतो. असाच राहिला तर पहिला येईल. आनंद झाला असं लिहिणार होतो. ठीक वाटलं, एवढं नक्की.

१८ नोव्हेंबर

जिनिंग सुरू झालं. आता दिवसाही इंजिन चालतं, दुपारचा वर्ग आठवड्यातून दोनदाच. कापसाच्या गाड्यांची रांग आमच्या फाटकापर्यंत. दिवाळी झाली तरी बाईसायेब कशा आल्या नाहीत, असं धुरपताबाईनं विचारलं. मी म्हणालो, सासूबाईंची तब्येत बरी नाही.

२४ नोव्हेंबर

धरमसिंगला विजेचा धक्का बसला. फाटकाजवळच्या खांबावरून खाली पडला. शेठजींच्या मोटारीतून अकोल्याला नेलं. जिवंत आहे.

२७ नोव्हेंबर

अकोल्याला जाऊन आलो. उजवा हात मनगटापासून काढला. तो शुद्धीवर होता. मला पाहून उठायला लागला, नर्सनं दाबून ठेवलं. मी खाटेजवळ उभा राहिलो. वाईट वाटायला पाहिजे म्हणून त्या पट्टीकडे बघत राहिलो. काहीच वाटलं नाही. बाहेर येऊन केळी घेतली आणि दोन खाल्ली.

काय झालं ते इथे लिहून ठेवतो. जिनिंगकडे जाणारी तार खांबावर सैल झाली होती, गाड्या खोळंबल्या होत्या, तिथला मुकादम खाली उभा राहून आरडाओरडा करत होता. धरमसिंग वर चढून ओरडला, "खेमा, लाइन?" खेमानं अजून बटण काढलं नव्हतं. तो म्हणाला, "बंद!" म्हणजे थांब, वीज आहे. धरमसिंगनं तार धरली.

अहवाल आजच पाठवला. त्यात लिहिलं: बोर्डावरील इसमाने ठरलेल्या शब्दाप्रमाणे अचूक उत्तर दिले, खांबावरील इसमाने घाईत त्याचा अर्थ उलटा घेतला. वाक्य नीट जमलं आहे.

२ डिसेंबर

गावात मात्र खेमालाच बोल लावतात. दोस्ताचा हात खाल्ला म्हणतात. त्याची बडबड थांबली आहे. आता त्याला काही विचारलं की उत्तर देत नाही. वीज तोडायला फळीवरून फ्यूज उपसतो, अंगण ओलांडून येतो आणि विचारणाऱ्याच्या हातात ठेवतो. मग परत जातो. मी त्याला समजावलं, तुझं उत्तर बरोबर होतं, पुस्तकाप्रमाणे पूर्ण मार्क.

"सायेब," तो म्हणाला, "मी बंद काहून म्हनलो?"

"कारण मंडल बंद होतं."

"हव," तो म्हणाला, आणि फ्यूज पुसत बसला.

११ डिसेंबर

धुरपताबाई आली होती. मला वाटलं भांडायला आली. ती पायरीवर बसली, कड्यांनी भरलेले हात गुडघ्यांवर ठेवून. रडली नाही. म्हणाली, "बाईसायेब असत्या त मी त्यायच्यापाशी घडीभर बसली असती. बाप्या मानसाले काय सांगाव."

मी म्हणालो, "ती माहेरी आहे."

"हव. सांगतलं व्हतं तुमी." मग ती उठून गेली. संध्याकाळी इंजिन सुरू करताना माझं तेलाचं माप चुकलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

१९ डिसेंबर

धरमसिंग वर्गाला आला. बाही खाली शिवून घेतली आहे. खांबावर आता चढता येणार नाही, पण बोर्डावर बसता येईल, डावा हात पुरतो, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी परवाना हवा. शेठजी तयार आहेत, परवाना मिळाला तर. नाही तर बायकोबरोबर मजुरीला जाणार. एका हातानं कसली मजुरी, ते त्यानं सांगितलं नाही.

खेमा त्याच्याशेजारी बसला. दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मी उजळणी घेतली. बंद मंडल म्हणजे काय, असंही विचारलं. धरमसिंगनंच उत्तर दिलं, बरोबर दिलं. मी पुढचा प्रश्न विचारला.

७ जानेवारी १९५६

इन्स्पेक्टर सोमवारी येतात. परीक्षा आणि अपघाताची चौकशी एकाच दिवशी आटपणार. शेठजींनी पडवी सारवून घेतली आहे आणि आईला घेऊन शिरपूरला दर्शनालाही जाऊन आले. मला म्हणाले, "सायेब, दोघंही राहाले पाह्यजे. एक बी गेला त माह्या घशाखाली घास उतरनार नाई."

मी म्हणालो, तयारी चांगली झाली आहे.

९ जानेवारी

सविस्तर लिहितो.

इन्स्पेक्टर साहेब वयस्क, नागपूरकडचे, हाताखाली कारकून. पाचही जणांची परीक्षा झाली. खेमाला उत्तरं येत होती पण तो अगदी पुटपुटत बोलला. धरमसिंग उभं राहून मोठ्यानं बोलला. फ्यूज, अर्थिंग, हातमोजे. मग त्यांनी विचारलं, "बंद मंडल म्हणजे?"

"वीज चालू, सायेब."

"उघडं?"

"वीज नाई."

"मग त्या दिवशी खेमानं 'बंद' सांगितल्यावर तू तारेला हात का लावला?"

"इसरलो, सायेब. तीस सालाची जीभ. खेमानं बराबर सांगतलं व्हतं, आमच्या सायबानं बराबर शिकवलं व्हतं. माह्यीच चूक."

खेमा मागून म्हणाला, "त्याची नाई, माह्यी. मले मालूम व्हतं तो काय समजन. तरी पुस्तकातलं म्हनलो."

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढला. ते माझ्याशी इंग्रजीत बोलले, पण अर्थ असा की दोघांपैकी एकाची चूक लिहावीच लागेल आणि त्याचा परवाना अडवावा लागेल. पाठ येत असूनही जो वेळेवर विसरतो त्याला बोर्डावर बसवणं धोक्याचं, तेव्हा बहुधा धरमसिंगचाच. मग त्यांनी माझं कौतुक केलं. अडाणी माणसं इतकी तयार झालेली त्यांनी कुठे पाहिली नव्हती. माझे मराठी शब्द छापून वऱ्हाडातल्या सगळ्या पॉवर हाऊसना पाठवायचे आणि वर्ग चालवायला मी नागपूरला यायचं, तशी जागा ते करवून घेतील. पंधरा वर्षं वाट पाहिली ती हीच जागा. मी आभार मानले.

"पूर्वी काय म्हणत होते हे लोक?" त्यांनी सहज विचारलं, कागद आवरता आवरता. तेवढंच मराठीत विचारलं, म्हणून धरमसिंगला कळलं.

"जित्ती," तो म्हणाला, आणि थांबला.

"आणि वीज नसली की?"

तो खाली बघायला लागला. "ते आमच्या सायबाले चालत नाई."

इन्स्पेक्टर माझ्याकडे वळले. सगळेच वळले. मी म्हणालो, "मेली."

"त्यात कधी गोंधळ झाला होता?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"मग बदललं कशाला?"

उत्तर माझ्याकडे तयार होतं. शास्त्रीय परिभाषा, परीक्षा, पुस्तक. मी ते बोलायला तोंड उघडलं. "माझी बायको मेली होती," मी म्हणालो. "अंगणातून दिवसभर ती आरोळी यायची. मला ऐकवत नव्हती."

हे मला ठाऊक नव्हतं. बोललो तेव्हा कळलं. माझ्या तोंडून निघालेलं मीच पहिल्यांदा ऐकत होतो. मी शेजारच्या पिंपाला धरलं. पिंप रिकामं होतं, ते वाजलं.

इंजिनघरात कुणीतरी पाणी ओतत होतं ते ऐकू येत होतं. मग मी म्हणालो, "यांच्यापैकी कुणाचीही चूक नाही. शब्द मी दिला. जो शब्द यांच्या कानात लहानपणापासून एक अर्थ घेऊन बसलाय, त्याला मी उलटा अर्थ लावायला लावला, आणि तोच खांबावर वापरायचा हुकूम काढला. ते शब्द छापू नका. कुठेही पाठवू नका."

"हे लिहिलं तर नागपूरचं विसरा," इन्स्पेक्टर म्हणाले. वाईट माणूस नाही. "इथलंही सांगता येत नाही."

"लिहा."

कारकुनानं लिहिलं. मी सही केली. धरमसिंगनं अंगठा उठवला, डाव्या हाताचा.

३१ जानेवारी

परवाने आले, पाचही. माझ्या प्रकरणाचा निकाल वरून यायचा आहे. शेठजी म्हणाले, येईल तेव्हा येईल, तोवर इंजिन तुमीच पाहा.

वर्ग चालू आहे. पुस्तकातला शब्द परीक्षेपुरता, आवारात त्यांचा त्यांचा, आणि हातात फ्यूज आल्याशिवाय कुणी वर जायचं नाही. तो शेवटचा नियम खेमाचा. धरमसिंग बोर्डावर बसतो. काल त्यानं खिडकीतून ओरडून सांगितलं, "मेली रे, चढ!" आणि लगेच माझ्याकडे बघितलं. मी मीटरचे आकडे उतरवत होतो. डोळ्यांना धारा लागल्या, आकडे दिसेनात. असं आता कुठेही होतं, जेवताना, तेल मोजताना. आवरत नाही. आवरायचा प्रयत्नही फारसा करत नाही.

आज दुपारी धुरपताबाई भाकर घेऊन आली. नवऱ्याची त्याला दिली, मग माझ्याकडे येऊन पायरीवर बसली. उठायची घाई दिसली नाही.

"कशानं मेल्या?" तिनं विचारलं.

एक वर्ष होत आलं, आणि हे मला अजून कुणी विचारलं नव्हतं. मी तिच्याशेजारी खाली बसलो आणि पहिल्या दिवसाच्या तापापासून सांगायला लागलो.